झुंबरबाईचा पंक्तिप्रपंच

हां, तर हौशीरामनं ताट पुढं ढकललं, इथवर काल आलो होतो. ढकललं म्हणजे असं, की शेवग्याचा पाला भाकरीवर, भाकरी ताकाच्या वाटीवर, आणि ताक शेजारच्या रखमाजीच्या मांडीवर. पंगतीतले सगळे हात जागच्या जागी थांबले. काल जे नव्हते त्यांच्यासाठी एवढंच सांगतो, की हौशीराम लोणावळ्याच्या यार्डात पैटमन होता, म्हणजे गाडीनं कुठल्या रुळावर जायचं ते सांधे ओढून ठरवणारा माणूस. आणि हे ताट उलटलं ते झुंबरबाईच्या पडवीत. रेल्वेतल्या एकट्यादुकट्या गड्यांना दोन्ही वेळा जेवू घालणारी ती खानावळवाली.

हौशीराम उभा राहून म्हणाला, "मावशी, हा पंक्तिप्रपंच हाय. सगळ्यांच्या ताटात बटाटा, आन माझ्याच ताटात रोज झाडपाला."

आता पंक्तिप्रपंच हा शब्द त्या वेळी केवढा जड होता, ते आजच्या हॉटेलात जेवणाऱ्यांना कळायचं नाही. एका ओळीत बसवलेल्या माणसांना एकाच भांड्यातलं वाढायचं. जावयाच्या भातावर तुपाची धार लांबली तरी चुलीमागं कुजबुज व्हायची. खानावळवालीला कुणी आळशी म्हणावं, खारट हाताची म्हणावं, ती हसून सोडून देईल. पण पंक्तिप्रपंच म्हटलं की तिच्या चुलीलाच डाग लागला. झुंबरबाई मात्र बोलली नाही. तिनं रखमाजीला पुसायला फडकं दिलं, दुसरं ताक दिलं, हौशीरामचं ताट उचललं आणि आत गेली. हौशीरामला वाटलं, बघा, उत्तर नाही. ज्याच्या मनात काही नसतं तो असा गप्प बसेल का?

झुंबरबाई मूळची वराळ्याची. नवरा इंजिनशेडमध्ये खलाशी होता, तो मानमोडीच्या साथीत गेला. मूलबाळ नव्हतं. दिराच्या दारात पडून राहण्यापेक्षा नवऱ्याच्याच सोबत्यांना भाकरी थापून द्यायला तिनं सुरुवात केली, आणि थापता थापता केस पांढरे झाले. ही गोष्ट घडली तेव्हा घाटात विजेची इंजिनं सुरू होऊन थोडीच वर्षं झाली होती. तोवर झुंबरबाईची पडवी यार्डात स्टेशनमास्तरच्या खोलीइतकीच ठाऊक झाली होती.

तिची रीत अशी, की आज काय रांधायचं ते ती बाजारात ठरवायची नाही, पंगतीकडं बघून ठरवायची. एखाद्याचे ओठ पांढरट दिसले की दुसऱ्या दिवशी सगळ्यांना नाचणीची भाकरी आणि लाल माठ. कुणी दोन दिवस पोट धरून बसला की सगळ्यांना दुधीची पातळ भाजी आणि मऊ भात. एकदा एका फिटरच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं, तर तिनं महिनाभर पंगतीला कच्चा मुळा, त्याचा पाला आणि लिंबाची फोड वाढली. फिटर बरा झाला आणि बाकीच्यांना मुळ्याचा वास नकोसा झाला. पालेभाजी ती आधी धुवायची, मग चिरायची; चिरून धुणाऱ्या बायकांचा तिला राग. शिजवलेलं पाणी फेकायचं नाही, ते आमटीत. आणि पाल्याला खुरासणीच्या तेलाची फोडणी हवीच, तेलावाचून पाला अंगी लागत नाही असं ती म्हणायची. मोड आलेली मटकी, हुलग्याचं माडगं, अंबाडी आणि कण्या, भोपळ्याची साल न काढता केलेली भाजी. श्रावणापासून दसऱ्यापर्यंत मटण-सुकट बंद, पण तिच्या पंगतीतून कुणी अर्धपोटी उठल्याचं आठवत नाही.

मग जी बाई वर्षानुवर्षं सगळ्यांना सारखं वाढत आली, ती एकट्या हौशीरामला वेगळं का वाढायला लागली? हौशीरामचा प्रश्न तसा खोटा नव्हता.

हौशीराम शिरगावचा. संशय त्याच्या अंगात होता. कुणी पाणी दिलं तर पहिला घोट जमिनीवर सांडून बघायचा. आगपेटी घेतली तर कानाशी हलवायचा. बायको रतनबाई आणि पोरं गावी, आणि हा लोणावळ्यात एकटा. दुसऱ्याच्या हातचं नको म्हणून दोन वर्षं स्वतः रांधून खाल्लं. काय खाल्लं? सकाळी भात आणि मिरचीचा ठेचा, संध्याकाळी ठेचा आणि भात. पाल्यात अळ्या असतात, वांग्यात किडे असतात, आणि मिरची तेवढी स्वच्छ, असं त्याचं म्हणणं. त्या आषाढात लोणावळ्याच्या पावसानं त्याचं सरपण भिजलं ते वाळेचना, तेव्हा नाइलाजानं तो झुंबरबाईच्या पंगतीला येऊन बसला. बसला तोही भिंतीच्या कडेला, पाठीमागं कुणी नको म्हणून.

आणि श्रावणात त्याचे डोळे गेले. म्हणजे दिवसा काही नाही. दिवसा तो यार्डाच्या पार टोकाचा सिग्नल ओळखायचा. पण दिवेलागणीला कुणीतरी डोळ्यांवर घोंगडं टाकावं तसं व्हायचं. भिंत कुठली, माणूस कुठला, कळायचं नाही. कंदिलाचा उजेड दिसायचा, पण त्या उजेडात काय आहे ते दिसायचं नाही. हे त्यानं रतनबाईलासुद्धा सांगितलं नाही. सांगणार कसं? दसऱ्यानंतर रेल्वेचा डॉक्टर सगळ्या पैटमनांचे डोळे तपासायचा होता, अंधाऱ्या खोलीत बारके दिवे दाखवून. त्यातून पार पडला तर हौशीराम कायम, आणि कायम झाला की चाळीत खोली, आणि खोली मिळाली की रतनबाई आणि पोरं लोणावळ्याला. नाही तर पवनेकाठी भावाच्या शेतात गवत काढायला परत. रात्रीच्या पाळ्या त्यानं छातीत दमा उठतो असं सांगून रखमाजीला दिल्या होत्या. रखमाजी बदलीवर होता, आज काम उद्या नाही; तो आनंदानं घ्यायचा.

आता हौशीरामच्या डोक्यात हिशेब कसा बसला ते बघा. आषाढात खानावळ लावली. श्रावणात डोळे गेले. म्हणजे जे काही आहे ते जेवणात आहे. दोन वर्षांच्या ठेच्याभाताचा त्याला संशय आला नाही, कारण तो स्वतःच्या हातचा होता. मग त्याला आठवलं, की आपल्या ताटात हिरवं वेगळं पडतं तेही श्रावणापासूनच; एखादा घास खाऊन बाकीचं तो कडेला सारायचा. आणि एके दिवशी विहिरीपाशी झुंबरबाई रखमाजीशी हळू आवाजात काही बोलत होती, हा आल्यावर दोघं गप्प झाली. रखमाजीला जागा कुणाची मिळणार? ज्याचे डोळे जातील त्याची. झालं, सगळं जुळलं.

त्यात भर घातली झुंबरबाईच्या भावानं. हा दत्तोबा. वराळ्याला शेती करायचा आणि बाजाराच्या दिवशी भाजीची पाटी घेऊन रेल्वेनं यायचा. एका संध्याकाळी तो पडवीत तंबाखू मळत बसला होता. हौशीराम आला तसं यानं सहज विचारलं, तिकडं कोण उभं आहे रे? हौशीरामनं तिकडं बघितलं. काळंसं उभं काहीतरी होतं. चुकायला नको म्हणून तो ठासून म्हणाला, रखमाजी आहे. दत्तोबानं तोंडातली तंबाखू एका गालातून दुसऱ्या गालात नेली आणि बहिणीकडं बघितलं. तिकडं खुंटाळ्यावर घोंगडी वाळत होती. हौशीरामला ते दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं, आणि तेव्हापासून दत्तोबाही कटात सामील झाला.

तर इतकं सगळं मनात साचलं तेव्हा ते ताट उलटलं.

दुसऱ्या दिवशी पंगत बसली आणि झुंबरबाई वाढायला आली. पहिल्या ताटात शेवग्याचा पाला, दुसऱ्या ताटात शेवग्याचा पाला, शेवटच्या ताटात शेवग्याचा पाला. डाळ घालून परतलेला, वर लसणाची फोडणी. रखमाजीनं विचारलं, मावशी, बटाटा कुठं गेला? ती म्हणाली, काल कुणीतरी मला माझी चूक दाखवली, आता सगळ्यांना एकच. तिनं हौशीरामकडं बघितलंसुद्धा नाही. त्या दिवसापासून शेवगा, माठ, तांदुळजा, लाल भोपळा, पुन्हा शेवगा. पाला शेजारच्या हसिनाच्या झाडाचा. हसिना ही चाँदभाई म्हणून एका चिक्कीवाल्याची बायको, भिंतीला भिंत लागून राहणारी. तिचं झाड पुरेना तेव्हा दत्तोबाच्या पाटीतून वराळ्याचा पाला यायला लागला. पंगत हौशीरामवर चिडली. यार्डात त्याला बघितलं की कुणी शेळीसारखं ओरडायचं, कुणी रुळाकडचं गवत उपटून पुढं धरायचं. तुझ्या न्यायाची फळं आम्ही खातोय बाबा, असं रखमाजी म्हणायचा.

दुसरा कुणी असता तर इथं निवला असता. हौशीरामला नवीन शंका आली: मी बोंब मारली म्हणून आता सगळ्यांनाच घालते आहे, म्हणजे कुणाला कळायला नको. मग तो रोज एकेकाला आडून आडून विचारायला लागला. काय रे, रात्री चांदण्या दिसतात का? बोगद्यातलं पाणी दिसतं का? रखमाजीला वाटलं, याला कविता व्हायला लागली.

भाजी खायची नाही आणि पंगतीतून पुन्हा उठायचंही नाही, म्हणून त्यानं युक्ती केली. भाजी भाकरीत गुंडाळायची, दुपारच्याला ठेवतो म्हणायचं, आणि भिंतीपलीकडं हसिनाच्या शेळीला घालायची. शेळी काळीकुट्ट, जाडजूड आणि कशालाही नाही न म्हणणारी. पण नुसतं घालून भागेना. पाल्यात काही असेल तर ते शेळीलाही बाधेल, म्हणजे तिलाही संध्याकाळी दिसायचं बंद होईल, आणि मग आपल्या हाती पुरावा येईल. असं ठरवून हा गडी एका संध्याकाळी दिवे लागल्यावर शेळीची नजर तपासायला निघाला.

आता तुम्हीच विचार करा. ज्याला स्वतःला संध्याकाळी दिसत नाही, तो काळी शेळी अंधारात बघतो की नाही हे बघायला चालला होता.

कुंपण चाचपत तो आत शिरला. तोंडानं हळू हळू बोलावतोय, हात पुढं, पाय ओढत. शेळी तिथंच होती, तिला वाटलं भाकरी आली, म्हणून ती मागून त्याच्या धोतराला लागली. हौशीराम दचकून पुढं गेला तो शेणाच्या पाटीत, पाटीतून लाकडांवर, लाकडांवरून खाली. आवाज ऐकून हसिना कंदील घेऊन बाहेर आली. हौशीराम बसल्या जागेवरून समोरच्या अंधारात बोटं हलवत होता, यू यू करत होता. हसिनानं कंदील वर धरला.

"हौशीभाऊ," ती म्हणाली, "शेळी तुमच्या पाठीमागं हाय. तिला तुमी दिसताय. तुमालाच ती दिसंना."

जे बायकोला सांगितलं नाही ते शेजारणीच्या शेळीपुढं उघडं पडलं. हसिनानं कंदील त्याच्या पायापाशी धरला, कुंपणाची वाट दाखवली, आणि जाता जाता इतकंच सांगितलं, की महिनाभर शेळीला भाजी घालताय ते मी बघते आहे. माझी शेळी गुटगुटीत झाली, दूध वाढलं, आता तिचं पोट भरलं, उरलेली तुम्ही खा.

तो रात्रभर विचार करत पडला. शेळीला दिसतंय. रखमाजीला चांदण्या दिसतायत. फिटर तर अंधारात सुई ओवून दाखवतो. पाला सगळ्यांनी खाल्ला, आणि न दिसणारा एकटाच आहे, तो म्हणजे न खाणारा. इतकं कळायला त्याला शेणात बसावं लागलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं ताटातला पाला खाल्ला. आधी वास घेतला, मग पानं बाजूला करून बघितली, मग डोळे मिटून घास घेतला. झुंबरबाई त्या वेळी भाकरी भाजत होती, तिनं मान वर केली नाही. पण त्याच्या ताटात फोडणीचं तेल अर्धी पळी जास्त पडलं. हाही पंक्तिप्रपंचच, पण या वेळी तो बोलला नाही. पुढं त्याचा हात सैल पडत गेला. भोपळ्याची भाजी तो मागून घ्यायला लागला. तांदुळजा भाताबरोबर चांगला लागतो, असा शोध त्यानं पंगतीला सांगितला, तेव्हा रखमाजीनं हात जोडून सांगितलं, की बाबा, हे मोठ्यानं बोलू नकोस, मावशी उद्यापासून दोन्ही वेळा करेल.

पितृपक्ष गेला, घटस्थापना झाली. एका संध्याकाळी हौशीराम अंगणात तोंड धूत होता आणि त्याला दिसलं, की दोरीवर वाळत घातलेलं आपलं धोतर हलतंय. वारा तर नव्हता. त्यानं डोळे चोळले. धोतराच्या टोकाला एक काळी शेळी लागली होती आणि शांतपणे चावत होती. दिवे लागून गेले होते. आभाळात उजेड नव्हता. आणि त्याला काळी शेळी दिसत होती, तिचे कान दिसत होते, तिच्या तोंडात जाणारा काठ दिसत होता. दुसरा माणूस धोतर वाचवायला धावला असता. हा तिथंच उभा राहून तिला खाऊ देत होता, आणि हसिना भिंतीवरून बघत होती ती तोंडाला पदर लावून आत गेली.

दसऱ्यानंतर डॉक्टर आला. अंधाऱ्या खोलीत बारके दिवे दाखवले: तांबडा, हिरवा, परत हिरवा. हौशीरामनं बरोबर सांगितले. एका दिव्यापाशी मात्र तो सवयीनं डॉक्टरला विचारता झाला, की साहेब, दिवा बदलला तर नाही ना? डॉक्टर हसला आणि त्यानं कागदावर सही केली. रखमाजीला त्याच सुमाराला खंडाळ्याला जागा मिळाली. म्हणजे त्याला कुणाच्या डोळ्यांची गरज पडली नाही.

इतकं झालं तरी हौशीरामच्या मनातला एक काटा निघाला नव्हता. चाळीतल्या खोलीची किल्ली हातात आली त्या संध्याकाळी तो सरळ झुंबरबाईकडं गेला. पंगत बसायची होती, ती भोपळा चिरत होती, दत्तोबा पडवीत तंबाखू मळत होता. हौशीराम उभ्यानंच बोलला. पाल्यानं नजर परत आली हे त्यानं कबूल केलं. पण मग तिला आधीपासून ठाऊक होतं का? कुणी सांगितलं? रखमाजीशी विहिरीपाशी काय बोलणं चाललं होतं? आणि ठाऊक होतं तर सरळ तोंडावर सांगायचं सोडून असा चोरून पाला का वाढला, सगळ्या पंगतीत आपल्या चुलीला डाग का लावून घेतला? झुंबरबाईनं विळी आडवी केली, हात पदराला पुसले, आणि इतक्या वर्षांत ती एका दमात बोलली नसेल तेवढं बोलली:

"व्हय, ठावं व्हतं. ह्यो दत्तोबा ल्हान असताना दिवेलागणीला असाच भिताडं चाचपायचा, आन आमची आय त्याला ह्योच पाला घालायची, म्हनून तू सांजच्या पंगतीत म्होरली मिठाची वाटी चाचपून हुडकाया लागलास तवाच म्या वळखलं. रखमाला म्हनलं, हौशाची छाती भरलीय, दसऱ्यापातुर त्याच्या राती तूच कर, त्याला सांध्यावर जाऊ दिऊ नगंस. त्यानं इचारलं न्हाई, म्या सांगितलं न्हाई. आन तुला कसं सांगनार? तू आदी मला चोर ठरवलं असतंस, मंग सगळ्या यार्डात इचारत फिरला असतास की झुंबरीनं कुनाकुनाला सांगितलं, आन तुझ्याच तोंडनं ते सायबाच्या कानी गेलं असतं. म्हनून म्या तोंड मिटलं आन भाजी वाढली. आता रतनबाई येनार न्हवं? तिला म्हनावं, हसिनाकडनं शेवग्याची फांदी ने आन दाराम्होरं लाव. बस खाली आता, आज भोपळा हाय, सगळ्यांला सारखा."